संत्र्याचं अंतर ठरवणाऱ्या साहेब लोकांना खुलं पत्र: बाग दाखवायची तर बाराव्या वर्षाची दाखवा, आणि तीही ऑगस्टमध्ये

मा. कृषी विभागातले अधिकारी, विद्यापीठातले आणि संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ, आणि फळबागेच्या अनुदानाचे निकष जे कोणी लिहितात ते सगळे,

नमस्कार.

मी वरुड तालुक्यातला संत्रावाला. घरचा बगीचा आहे, नातेवाइकांचे आहेत, आणि इकडे लग्नात गेलं तरी पंगतीत विषय बहाराचाच निघतो, त्यामुळे पाहण्यात पुष्कळ बागा आहेत. हे पत्र कोणा एका साहेबाच्या विरोधात नाही. विषय एकच आहे, दोन झाडांमधलं अंतर. दरवर्षी कलमा बुक करायची वेळ आली की आमच्याकडे तोच प्रश्न फिरतो, सहा बाय सहा मीटर लावू का सहा बाय तीन (पहिला आकडा दोन ओळींमधला, दुसरा ओळीतल्या दोन झाडांमधला), आणि दरवर्षी सभेत, शिबिरात, व्हॉट्सअ‍ॅपवर सहा बाय तीन हा एकच आकडा पुढे येतो आणि त्याच्या मागचं पुढचं काहीच येत नाही.

हिशोब सगळ्यांना माहीत आहे तरी एकदा लिहितो. ६ बाय ६ मीटरवर हेक्टरी २७७ झाडं, म्हणजे एकरी ११२ च्या आसपास. ६ बाय ३ वर हेक्टरी ५५५, एकरी सव्वादोनशे. आमच्या आज्या-पंज्यांनी काही ठिकाणी १५ बाय १५ फुटावर चौकोनी लावलेले बगीचे आहेत, ते एकरी १९३ बसतात, त्यांच्याबद्दल पुढे बोलतो. तर कागदावर झाडं दुप्पट म्हणजे माल दुप्पट, असं कोणालाही वाटणार, आणि खरं सांगायचं तर पहिली सहा-सात वर्षं ते बरोबरच आहे! झाड लहान असतं, शेजाऱ्याला टेकत नाही, प्रत्येक झाड आपापली पन्नास-शंभर फळं देतं, मग सव्वादोनशे झाडांचा माल एकशे बारापेक्षा जास्त निघणारच. ठिबकच्या नळ्याही तेवढ्याच लागतात कारण ओळी तेवढ्याच, फक्त ड्रीपर आणि कलमा दुप्पट. त्यामुळे पाचव्या वर्षी पाहणीला आलेले लोक फोटो काढून खुश होऊन जातात आणि घरी जाऊन तसंच लावतात.

माझं म्हणणं इतकंच आहे की पाचव्या वर्षाची बाग पाहून अंतर ठरवणं म्हणजे बारशाच्या दिवशी पोराला लग्नाचे कपडे शिवण्यासारखं आहे.

आठव्या-नवव्या वर्षापासून काय होतं ते मी जवळून पाहिलेलं सांगतो. आमच्या पाहुण्यांचा एक बगीचा आहे, दाट लावलेला, भारी काळ्या जमिनीत, जंबेरी खुंटावर (खुंट म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचं कलम बांधतात ते). ऑगस्टमध्ये झडी दोन दिवसांपूर्वी उघडलेली, सकाळचे दहा-साडेदहा झालेले, बाहेर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत पार सुकलेलं, आणि आत चार ओळी गेलो तर पानांच्या खालच्या बाजूला अजून पाणी. शर्ट ओला झाला. पानावर बोट फिरवलं की बोट काळं, कोळशी, म्हणजे पानावरची काळी बुरशी. खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या आणि त्या फांद्यांवरची हिरवी फळं एका बाजूने तपकिरी होऊन चामड्यासारखी झालेली, आंबट कुबट वास. वर पाहिलं तर आभाळ दिसत नाही. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे धुऱ्याकडच्या दोन ओळी लदलेल्या, फांद्यांना बांबूच्या टेकण्या लावलेल्या, आणि मधल्या ओळीत फळ फक्त शेंड्यावर, खाली नुसती सल, वाळक्या काड्या. पाणी तेच, खत तेच, कलमा एकाच नर्सरीतल्या. फरक फक्त एका बाजूने उजेड आणि वारा मिळण्याचा. यापेक्षा मोठा प्रयोग कोणता पाहिजे?

यामागची कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत पण हे पत्र बाकीचे शेतकरी पण वाचतील म्हणून सांगतो. संत्र्याचं फूल नव्या फुटीवर येतं आणि ती फूट उजेडात निघते. आतल्या फांदीला उजेड नाही मिळाला तर ती आधी फळ सोडते, मग पान सोडते, मग वाळते, तीच आपली सल. त्या सलीवर कोलेटोट्रायकम नावाची बुरशी वर्षभर बसून राहते आणि पावसाच्या थेंबांसोबत खाली फळाच्या देठावर येते, मग ऑगस्ट-सप्टेंबरची फळगळ. डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) आणि मूळकूज करणाऱ्या फायटोप्थोराचे बीजाणू तर पाण्यात पोहतात, त्यांना जमीन ओली आणि हवा बंद एवढंच लागतं, तिथूनच थेंबांनी उडून ते जमिनीजवळच्या फळांवर जातात आणि ती तपकिरी कूज होते. काळी माशी कोवळ्या पानाखाली दाट सावलीत सुखाने राहते, तिच्या चिकट स्रावावर कोळशी वाढते, आणि एकदा पान काळं झालं की उरलासुरला उजेडपण पानात जात नाही. म्हणजे अंतर चुकलं की हे सगळे एकमेकांना हात देतात. मग आम्ही काय करतो, फवारे वाढवतो. पण फवारा जाणार कुठून? ट्रॅक्टरचा ब्लोअर ओळीत शिरत नाही, एचटीपी फवारणी पंपाचा पाइप ओढत गडी आत जातो, गन वर करतो, बाहेरची पानं चिंब आणि आतलं सगळं कोरडं. औषध महागाचं, गेलं बाहेरच्या पानावर.

आता इस्रायलवाला मुद्दा. सहा बाय तीनला आमच्याकडे सरळ 'इस्रायल पद्धत' म्हणतात. ती पद्धत खोटी आहे असं मी म्हणत नाही, उलट तिच्यातल्या गादीवाफा (झाडांच्या ओळीसाठी उंच केलेला मातीचा पट्टा), ठिबकमधून खत, आणि दरवर्षीची छाटणी या तिन्ही गोष्टी आम्हाला पाहिजेच आहेत. पण तिकडचा पाऊस हिवाळ्यात पडतो, नोव्हेंबर ते मार्च, आणि उन्हाळाभर जवळपास थेंब नाही. म्हणजे झाड गरमीत जोमाने वाढतं तेव्हा हवा कोरडी आणि पाणी मोजून दिलेलं. आपलं उलटं आहे. नागपूर-अमरावती पट्ट्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, नेमका जेव्हा गरमीपण असते, नवी फूट पण निघत असते आणि आंबिया बहाराचं (थंडी सरतानाच्या फुलोऱ्याचं) फळ लिंबाएवढं ते चेंडूएवढं होत असतं. ते चार महिने आपण विदर्भात नसतोच, आपण विषुववृत्ताजवळच्या दमट सखल भागात असतो! तिकडे तर वर्षभर हेच हवामान, झाडाला विश्रांतीच नाही, फुटीवर फूट, फळ पिकलं तरी साल हिरवीच कारण रात्री थंड होत नाहीत, आणि म्हणून अशा भागात झाडं लवकर एकमेकांत घुसतात आणि पानं दिवसदिवस ओली राहतात. कोरड्या देशातलं अंतर तिकडे जसंच्या तसं चालत नाही, तर आपल्याकडे पावसाळ्यात कसं चालेल?

कोणी म्हणेल ब्राझीलमध्येपण दाट लावतात. लावतात. साओ पाउलोकडे झाड वाळवत नेणारा ग्रीनिंग रोग आल्यावर दाट लागवड आणखी वाढली, कारण त्यांचा हिशोब असा की झाड जास्त वर्षं टिकेल याची खात्री नाही, तर लवकर माल काढून घ्या आणि बाग बदला. शिवाय तिकडे फळ मुख्यतः ज्यूसला जातं, सालीवर डाग असला तरी चालतो, आणि छाटायला ट्रॅक्टरवरची करवत आहे. आमचा माणूस बाग लावतो ती पंचवीस-तीस वर्षांच्या हिशोबाने, पोरीच्या लग्नापासून नातवाच्या शिक्षणापर्यंत, आणि माल जातो टेबलावर खायला, जिथे व्यापारी एका काळ्या डागाला भाव पाडतो. बांगलादेशने आपल्या संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवल्यापासून तर लहान आणि डागी फळाला कोणी विचारत नाही. दाट बागेत फळ बारीक राहतं हे तुम्हालाही माहीत आहे, मग शिफारस करताना 'ही बाग किती वर्षांची समजून लावायची' हे काहून सांगत नाही?

एक गोष्ट मात्र कबूल करायला पाहिजे, आमचे लोक दाट लावतात ते फक्त लोभापायी नाही. मे महिन्यात पारा ४५ वर जातो. तेव्हा मोकळ्या झाडाची साल भाजते, खोडाला भेगा पडतात, तिथे साल खाणारी अळी शिरते, मृग बहाराचं (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचं) झाड ताणावर, म्हणजे पाणी तोडलेलं असतं, ते तर पार कोमेजतं. दाट बागेत जमिनीवर सावली राहते, ओल टिकते. वरुड-मोर्शीकडे भूजलाची काय अवस्था आहे ते सरकारच्याच नकाशावर आहे, बोअर शेकडो फूट खाली गेले, तर सावलीची किंमत आम्हाला कळते. म्हणजे उन्हाळा म्हणतो जवळ लाव, पावसाळा म्हणतो दूर लाव, आणि मधे शेतकरी. (पाण्याबद्दल एक गैरसमज आहे की झाडं दुप्पट म्हणजे पाणी दुप्पट. लहानपणी काही अंशी खरं, पण बाग मिटल्यावर, म्हणजे झाडं एकमेकांना भिडल्यावर, पाणी हे झाडांच्या संख्येवर कमी आणि पानांच्या एकूण पसाऱ्यावर जास्त जातं. हेपण कोणी सभेत सांगत नाही.)

यातून मार्ग आहे आणि तो तुमच्याच पुस्तकांत आहे, फक्त आमच्यापर्यंत आकडा येतो, मार्ग येत नाही. मार्ग म्हणजे चौकोन सोडा, आयत करा. ओळीतली झाडं एकमेकांना टेकली तर टेकू द्या, भिंत होऊ द्या, उन्हाळ्यात तीच सावली देते, पण दोन ओळींमधली जागा कधीच मिटू द्यायची नाही. बाग पूर्ण वाढल्यावर पानापासून पानापर्यंत सात-आठ फूट मोकळे राहिले पाहिजेत, की ट्रॅक्टर जातो, वारा जातो आणि खालच्या फांदीवर तिरपं ऊन पोचतं. म्हणून ते १५ बाय १५ चे जुने बगीचे झाडं कमी असूनही ६ बाय ३ पेक्षा जास्त त्रास देतात, ते चारही बाजूंनी मिटतात, छाटायला सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. आणि ६ बाय ३ लावून ओळी मिटू दिल्या तर तेही तसंच होतं, फक्त दोन-चार वर्षं मागेपुढे.

ओळीची दिशापण अशीच. पुस्तक म्हणतं दक्षिणोत्तर ओळ, दोन्ही बाजूंना ऊन. बरोबर आहे. पण भारी जमिनीत गादीवाफा उताराला आडवा पडला तर दोन वाफ्यांमधे तळं साचतं आणि मग ऊन कितीही मिळू द्या, मुळं सडतात. आमच्या काळ्या जमिनीत मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात, खाली हवा नाही. त्यामुळे जिथे सूर्य आणि उतार यांचं भांडण आहे तिथे उतार जिंकला पाहिजे, हे एक वाक्य पत्रकात मोठ्या अक्षरात छापा, किती बागा वाचतील.

आता खुंट. अंतराचा आकडा खुंटाशिवाय सांगणं अर्धवट आहे. जंबेरी खुंट झाड मोठं करतो, लवकर करतो, माल भरपूर देतो, आणि डिंक्याला लवकर बळी पडतो. भारी जमीन, जंबेरी आणि दहा फुटांवर दुसरं झाड, असे तिन्ही एकत्र आले की पुढचं मी वर लिहिलंच आहे. रंगपूर लाईम चुनखडी जमिनीत आणि रोगाच्या बाबतीत जरा बरा, पण तोही काही बुटका नाही. तिकडे थंड देशात झाड लहान ठेवणारे ट्रायफोलिएटसारखे खुंट आहेत, ते आपल्या चुनखडी, जास्त सामूच्या (पीएचच्या) जमिनीत पिवळे पडतात. म्हणजे झाड लहान ठेवणारा भरवशाचा खुंट आज सामान्य शेतकऱ्याच्या हातात नाही, मग झाड लहान ठेवायचं एकच साधन उरतं, कात्री आणि करवत. दाट लागवड ही खरं तर छाटणीची पद्धत आहे, आणि आम्हाला विकली जाते कलमांची पद्धत म्हणून.

छाटणीचं दुखणं वेगळंच आहे. पहिलं, आमच्या पुष्कळ बागांमध्ये आंबिया आणि मृग दोन्ही बहार झाडावर असतात, थोडा हा थोडा तो, त्यामुळे झाड कधी रिकामंच होत नाही, मग छाटायचं कधी? आंबियाचा माल तुटला की डिसेंबर-जानेवारीत, थंडीत, फूट निघायच्या आत छाटावं, वर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारावा, हे ठीक, पण त्याच झाडावर मृगाची फळं लटकत असतात, तेव्हा कोणाचा हात होतो करवत लावायला. दुसरं, छाटणाऱ्या मजुरांची टोळी. सल काढणारे भेटतात, पण कोणती जिवंत फांदी काढायची हे समजणारे बोटावर मोजण्याएवढे. तिसरं, व्यापारी ठोकात, म्हणजे आख्ख्या बागेचा एकदम सौदा करून, बगीचा घेतो तेव्हा तो झाडाचा घेर पाहतो, छाटलेली बाग पाहून त्याचं तोंड वाकडं होतं, आणि शेतकरी म्हणतो जाऊ दे, पुढच्या वर्षी छाटू. ते पुढचं वर्ष काही येत नाही.

आणि आता मुख्य गोष्ट, पैशाची. फळबाग लागवडीचं अनुदान तीन वर्षांत मिळतं, भाऊसाहेब फुंडकर योजनेत ५०, ३० आणि २० टक्के असे हप्ते. झाडं जगली की हप्ता. चांगली योजना आहे, गरिबाच्या वावरात बाग उभी झाली ती त्यामुळे, हे नाकारत नाही. पण दाट बागेचा खरा खर्च सातव्या वर्षी सुरू होतो आणि तेव्हा सरकार बागेतून केव्हाच निघून गेलेलं असतं. सव्वादोनशे झाडं लावायला पैसे आणि त्यातली ओळ उघडी ठेवायला शून्य. मग तुमची तीन वर्षांची टक्केवारी उत्तम दिसते आणि आमची बारा वर्षांची बाग अंधारात.

तर मागणी सरळ आहे. एकच अंतर छापू नका. जमीन भारी का मध्यम, खुंट कोणता, पाण्याचा निचरा कसा, आणि शेतकऱ्याकडे दरवर्षी छाटणीची तयारी आहे का, हे चार प्रश्न विचारून अंतर सांगा. छाटणीची सोय नाही म्हणणाऱ्याला हसतमुखाने ६ बाय ६ लावायला सांगा, त्याला मागासलेला समजू नका. ज्याला दाट लावायचं आहे त्याच्या अनुदानाचा एक हिस्सा मागे ठेवा आणि तो सातव्या ते दहाव्या वर्षी छाटणी केली तरच द्या, आम्ही तक्रार करणार नाही. अवजारे बँकेत ट्रॅक्टर आहेत, रोटाव्हेटर आहेत (जो बागेत फिरवून आम्ही मुळंच कापतो, तो वेगळा विषय), त्या जागी तालुक्याला दोन-तीन छाटणीची करवत यंत्रं आणि ती चालवणारी शिकलेली पोरं द्या. मधलं एकाआड एक झाड काढायचं असेल तर कोणत्या वर्षी, कोणत्या लक्षणावर, हे लिहून द्या, कारण जिवंत, फळ देणारं झाड स्वतःच्या हाताने तोडायला बाप तयार होत नाही आणि पोराला बापाशी भांडायला छापील कागद लागतो.

अजून एक, यात खर्च जवळपास नाहीच. दर पावसाळ्यात फळगळीचे पंचनामे होतात, तलाठी, कृषी सहायक बांधावर येतात, ३३ टक्क्यांवर नुकसान आहे का पाहतात. त्या फॉर्मवर तीन रकाने वाढवा: लागवडीचं अंतर, बागेचं वय, खुंट. दोन-तीन पावसाळ्यांत आख्ख्या पट्ट्याची माहिती फुकटात जमेल की कोणत्या अंतरावर किती गळ होते, आणि मग सभेत वाद घालायची गरज राहणार नाही, मी पण नाही घालणार. आकडे माझ्या विरुद्ध गेले तर तेही छापा.

आणि प्रात्यक्षिक. प्रक्षेत्रावर शिवारफेरी असते तेव्हा फेब्रुवारीत असते, हवा छान, फुलांचा वास, सगळीच बाग सुंदर दिसते. एक फेरी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ठेवा, झडीच्या दुसऱ्या दिवशी, दहा-बारा वर्षांच्या ६ बाय ३ च्या छाटलेल्या बागेत, तशाच न छाटलेल्या बागेत आणि ६ बाय ६ च्या बागेत, तिन्ही एकाच दिवशी. आम्ही गमबूट घालून येतो, ट्रॅक्टर भरून येतो. छाटलेली दाट बाग त्या दिवशी आतून कोरडी आणि खालपर्यंत लदलेली निघाली तर मी स्वतः पुढच्या वावरात ६ बाय ३ लावतो आणि कात्रीपण घेतो.

उत्तर जाहीर द्या, कार्यालयाच्या फाईलमध्ये नको. आणि जमलं तर मार्चच्या आत द्या, त्यानंतर शेंदूरजना घाटच्या नर्सऱ्यांमध्ये लोक अ‍ॅडव्हान्स देऊन बसतात आणि मग अंतराचा निर्णय कलमांच्या संख्येवर होतो.

आपला,
एक संत्रा बागायतदार
ता. वरुड, जि. अमरावती